तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं उदास काऊन पाहता?

शेजारच्या वहिनी विचारतात, ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणी फोनवर विचारतात, मागे एका लग्नात तर नवरदेवाच्या आत्याबाईंनी पंगतीतच विचारलं. "अवकाशातल्या सिरियली पाहता, पाहा बापा. पण त्यातले सगळ्यात उदास भाग, ज्यात चांगली माणसं मरतात नाहीतर खोटं बोलतात, तेच पुन्हा पुन्हा काऊन पाहता?" दर वेळी मी "आवडतं" म्हणून सुटका करून घेते. आज जरा बसून सांगते.

हे खूळ माझं एकटीचं नाही. भाचा आणि त्याचे दोन मित्र रविवारी दुपारी माझ्याकडे येतात. मावशीवरच्या प्रेमापोटी नाही, माझ्या कूलरपायी. खिडकीत बसवलेलं पत्र्याचं जुनं धूड आहे, पण नागपूरच्या मे महिन्यात त्याच्यापुढे भल्याभल्यांचे एसी फिके. फक्त आवाज असा की डायलॉग ऐकूच येत नाहीत. आम्ही सगळं सबटायटल वाचून पाहतो. मधेमधे टाकीत पाणी ओतावं लागतं, ते काम माझं.

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन अवकाशमालिका मला भेटली ती ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. न्हाऊन केस वाळवत आम्ही बहिणी तिच्यातल्या यानाच्या कॅप्टन कर्कला पाहायचो. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. एवढं मात्र कळायचं की पुढे कधीतरी माणूस शहाणा होणार आहे. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांचा तोच हट्ट होता. ते १९९१ मध्ये गेले. १९९३ मध्ये तिच्याच जगातली दुसरी मालिका, 'डीप स्पेस नाइन', सुरू झाली आणि त्या लखलखीत भविष्यावर काजळी धरायला लागली.

तिच्या सहाव्या सीझनमधला 'इन द पेल मूनलाइट' हा भाग एप्रिल १९९८ चा. माणसांची बाजू युद्ध हरत चाललीय. कॅप्टन सिस्को दर शुक्रवारी मेलेल्यांची यादी भिंतीवर लावतो आणि लोक तिच्यात आपली माणसं शोधतात. तटस्थ बसलेले रोम्युलन, म्हणजे एक परग्रही जमात, युद्धात उतरले तर निभाव लागेल. म्हणून सिस्को गॅरकला गाठतो. हा गॅरक वरवर शिंपी, मुळात हेर. दोघं मिळून शत्रूच्या बैठकीचं खोटं चित्रण बनवून घेतात. रोम्युलन सिनेटर ते हातात घेतो, तपासतो आणि ओळखतो की हे बनावट आहे. मग गॅरक त्या सिनेटरचं यान बॉम्बने उडवतो. जळक्या अवशेषांत ते चित्रण सापडतं, त्यातले दोष स्फोटावर ढकलले जातात, रोम्युलन युद्धात उतरतात. सिस्को पेला उचलतो, मी हे सोबत घेऊन जगू शकतो असं म्हणतो, आणि संगणकाला सगळी नोंद पुसून टाकायला सांगतो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा भाचा एवढा चिडला की हातातली सांबारवडी तशीच राहिली. "कॅप्टन असं करत नाही!" म्हणे. मी म्हटलं, केलं न त्यानं, आता काय करतोस?

त्याच्यासारखे चिडलेले जगभर होते. २०१९ मध्ये या मालिकेवरचा माहितीपट आला, त्यात तिचेच नट चिडलेल्या चाहत्यांची जुनी मतं वाचून दाखवतात. ही आमची 'स्टार ट्रेक'च नाही, असा सूर. गंमत म्हणजे आज हाच भाग कित्येक चाहते मालिकेतला सर्वोत्तम मानतात.

चाहत्यांचा राग सगळा एका जातीचा नसतो. २००९ मध्ये बीबीसीच्या 'टॉर्चवुड' मालिकेत इयांटो जोन्स हे पात्र मेलं तेव्हा लोकांनी बीबीसीला कॉफीची पाकिटं पाठवली, कारण तो सगळ्यांना कॉफी करून द्यायचा. मालिका जिथे घडते त्या कार्डिफच्या धक्क्यावर त्याच्या नावानं फुलं, चिठ्ठ्या लागल्या. मला ते अजिबात हास्यास्पद वाटत नाही. आपल्याकडे तेराव्याला गेलेल्याच्या आवडीचं रांधतातच की. तो राग म्हणजे सुतक. सिस्कोवरचा राग वेगळा. तिथे आपलं माणूस जिवंत आहे, आणि तेच नको वाटतं.

पण खरं सांगू? मला चिडणाऱ्यांपेक्षा टाळ्या वाजवणाऱ्यांची जास्त धास्ती वाटते. भाच्याचा एक मित्र म्हणाला, "मावशी, लीडर असाच पाहिजे." अरे, पण तो माणूस 'मी जगू शकतो' हे पुन्हा पुन्हा म्हणतो! एकदा म्हणून भागलं नाही त्याचं.

आता माझं.

मी एका कार्यालयात आवक-जावक सांभाळायचे. एका बाईचा नवरा नोकरीत असताना गेला होता. तिचा अर्ज वेळेत आला होता, पण साहेबांच्या ड्रॉवरमध्ये न फोडता पडून राहिला आणि मुदत उलटली. साहेब म्हणाले, "ताई, शिक्का मागच्या तारखेचा मारा. बिचारीचं काम होऊन जाईल." तारखेच्या शिक्क्याला रबराचे बारके पट्टे असतात, चाक फिरवलं की आकडा बदलतो. शाई वाळून आमचं चाक घट्ट झालं होतं. मी नखानं ओढून १९ चे १२ केले. रजिस्टरमध्ये त्या दिवसाच्या नोंदी भरलेल्या, म्हणून ४१२ च्या खाली बारीक अक्षरात ४१२/अ घातलं. बाईला तिचे पैसे मिळाले. साहेबांचा ड्रॉवर कुणी उघडून पाहिला नाही. नखाखालची जांभळी शाई दोन दिवस गेली नाही, पोळ्या लाटताना दिसायची.

त्या बाईचं वाईट वाटलं म्हणून केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटंही नाही. पण चार महिन्यांनी साहेबांनी पुन्हा तसंच सांगितलं, तेव्हा कुणी बिचारं नव्हतं, नुसतीच अडचण होती. आणि चाक सहज फिरलं. सिस्कोची गोष्ट पहिल्याच वेळेला संपते. दुसरी वेळ दाखवायला लेखक धजले नाहीत, की त्यांना सुचलीच नाही, कोण जाणे.

तर म्हणून पाहते, वहिनी. गोड भागांत माझ्या ओळखीचं कुणी नसतं.

हे मी पोरांना सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी तोच भाग पुन्हा लावला. शेवटी सिस्कोनं पेला उचलला तशी मी उठले, बादली घेतली, कूलरकडे गेले. परत आले तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. भाचा माझ्याकडे पाहत होता.

"मावशी, तू दर वेळी इथंच काऊन उठते वं?"

"पाणी संपतं."

तो उठला, कूलरच्या जाळीतून आत डोकावला. "टाकी तर काठोकाठ आहे," म्हणाला.