दोन्ही अक्षरं चुकीची

मे महिन्यातली दुपार, सोलापुरातला विजापूर रोड, आणि आमची रिक्षा एका ट्रकच्या मागं अडकलेली. ट्रकच्या फळीवर एका बाजूला 'हॉर्न', दुसऱ्या बाजूला 'प्लीज' आणि मधोमध कमळाच्या पाकळ्यांत बसवलेलं 'ओके'. या ओळीवर राज्यात 2015 सालीच बंदी आली, हे त्या ट्रकला कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. रिक्षावाल्यानं ओळीला मान देऊन हॉर्न वाजवला, वर "सरक की बे!" असंही सांगून पाहिलं. ट्रक ढिम्म.

हॉर्न कळतं, प्लीजही कळतं. मधलं ओके तिथं काय करतंय? कुणी म्हणतं, महायुद्धात डिझेल मिळेना तेव्हा ट्रक रॉकेलवर धावायचे, 'ऑन केरोसीन', त्याची ती खूण. कुणी म्हणतं, टाटांच्या ओके साबणाची फुकटातली जाहिरात, कमळही त्या साबणाचंच. सांगणारे दोन्ही गोष्टी छातीठोकपणे सांगतात. मला साबणाची आवडते. मे महिन्यात तर जास्तच.

मूळ ओकेचा जन्म मात्र तारखेसकट सापडतो. 23 मार्च 1839, 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'. तिथल्या वर्तमानपत्रवाल्यांना तेव्हा मुद्दाम अशुद्ध लिहून त्याची आद्याक्षरं करायचा नाद लागला होता. 'ऑल करेक्ट'ची खरी अक्षरं ए आणि सी. यांनी केली ओ आणि के. 'ऑल राइट'चं असंच ओ-डब्ल्यू केलं होतं, ते कधीच मेलं. ओके तगलं, कारण पुढच्याच वर्षी निवडणूक आली. अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन हे किंडरहूक गावचे, म्हणून 'ओल्ड किंडरहूक'. कार्यकर्त्यांनी लगेच ओके क्लब काढले. विरोधकांनी उठवलं की, आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना धड स्पेलिंग येत नव्हतं, तेच कागदावर ओके लिहायचे. व्हॅन ब्युरेन पडले, ओके राहिलं. ॲलन वॉकर रीड या प्राध्यापकांनी 1960च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून हे सगळं शोधून काढलं. तोवर चॉक्टॉ आदिवासींच्या भाषेपासून ग्रीकपर्यंत कितीतरी भाषांनी ओकेवर हक्क सांगून झाला होता.

म्हणजे 'सगळं बरोबर' सांगणारी दोन्ही अक्षरं चुकीची. आणि आम्ही लहानपणी त्यांना केवढं मानायचो!

पूर्व भागात आमच्या घरामागं टॉवेलचा कारखाना होता. मागांचा खडखडाट इतका अंगवळणी पडलेला, की वीज गेली आणि माग थांबले की झोपलेलं माणूस जागं व्हायचं. शाळा सुटली की मी तिथं टॉवेलांच्या थप्पीवर जाऊन बसायची. माल तपासायला एक अक्का होत्या. टॉवेल उजेडाकडं धरायच्या, तुटका धागा दिसला की खडूची रेघ ओढून बाजूला टाकायच्या. गठ्ठा पुरा झाला की त्याच्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचा शिक्का, ओके. अक्कांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, मराठीही तेलुगूच्या वळणानं यायचं. पण शिक्का उलटा पडलेला त्यांना लांबून कळायचा. बाहेर टेम्पो उभा असला की मालक घायकुतीला यायचे. "अक्का, मारा की शिक्का, गाडी थांबलीय." अक्का मान वर न करता म्हणायच्या, "थांबू दे. एकदा मारलं की माझ्या माथी."

ते ओके मिळवायला टॉवेलाला अंगभर तपासून घ्यावं लागायचं. आता मी पुण्यातल्या मुलाला लांबलचक मेसेज लिहिते. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, शेंगाचटणीचा डबा कुणाबरोबर पाठवलाय, गड्ड्याच्या जत्रेला तरी येणार का. उत्तर येतं, ओके. यातलं नेमकं काय ओके? मावशीचा गुडघा? माझी सगळ्यात मोठी चीड म्हणजे हे. वाचलं, पटलं, की आता पुरे कर, काही पत्ता लागत नाही. हल्ली तर नुसतं 'के' येतं. दोन चुकीच्या अक्षरांपैकी एक तो टाइप करायचा कंटाळा करतो आणि उरतं तेही चुकीचंच. अक्कांनी असल्या मालावर सरळ खडू ओढला असता.

मी मात्र मेसेज पाठवतेच. डबा पोचला की नाही, हे कळायला दुसरा मार्ग काय आहे?