मिक्सरमध्ये दळलेलं जायफळ

मे महिन्यात नागपुरात कॅज्युअल्टीची रात्रपाळी करणाऱ्याला निदान फारसं शोधावं लागत नाही. लालबुंद, कोरड्या अंगाचा, बरळणारा माणूस आला की ऊन लागलंय असं धरायचं आणि ओल्या चादरी काढायच्या. त्या रात्री नऊच्या सुमारास वाठोड्याहून ऑटोत घालून आणलेल्या पोराला पाहून सिस्टरने न विचारताच बर्फ मागवला.

"मॅडम, पोट्टा संध्याकाळपासून अस्सा करून राहिला," आई सांगत होती. "मरतो, मरतो म्हणते. हात माहे नाहीत म्हणते."

थर्मामीटरने पहिला घोटाळा केला. ताप 99. उष्माघातात तो 104 च्या वर असतो. नाडी मात्र 138, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि पोरगा स्वतःच्या बोटांकडे अशा अविश्वासाने बघत होता की आम्हीही एकदा ती मोजून घेतली असती. मग डोक्यात धोतरा आला. पण धोतऱ्यात डोळ्यांच्या बाहुल्या पसरून बसतात, टॉर्च मारली तरी ढिम्म हलत नाहीत. याच्या व्यवस्थित आकसत होत्या. भांग? सोबतच्या मित्राने आईची शपथ घेतली. तपासणाऱ्याला अशा शपथेची किंमत शून्य, तरी मी ती ऐकून घेतली. ईसीजी काढला. ठोके जलद, पण लय ठीक.

एवढ्यात त्याला उलटी झाली आणि वॉर्डात पुरणाच्या पोळीचा वास पसरला.

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर. सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकले. खाजगी रुग्णालयांत रात्रीचे आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, बरेचदा आमच्यातलेच असतात, दिवसा मोठे डॉक्टर आणि रात्री आम्ही. द्रव्यगुणाच्या, म्हणजे औषधी वनस्पतींच्या विषयाच्या, प्रॅक्टिकलला सरांनी डबीतली चूर्णं नुसत्या वासावर ओळखायला लावली होती, तेव्हा आम्ही त्यांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या होत्या. "काकू, याने आज जायफळ खाल्लं का?" मी विचारलं. आई दचकलीच. "तुम्हाले कोणं सांगितलं?"

पोरगा मिहान या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत रात्रपाळीला. दिवसा घरी यायचं, पत्र्याखाली कूलर लावून पडायचं. मे महिन्यात तो कूलरही गरमच हवा फेकतो. कित्येक दिवस धड झोप नव्हती. आजी म्हणाली, जायफळ उगाळून दुधातून घे. सल्ला चुकीचा नव्हता. पण आजीची सहाण माळ्यावर कुठेतरी पडलेली, आणि याला घाई. इतवारीच्या किराणा ओळीतून जायफळं आणलेली होतीच. सकाळी चिमूटभर किसून घेतलं, झोप नाही. अकराला दोन अख्खी जायफळं मिक्सरला लावून दुधातून प्यायला. दोनपर्यंत काहीच झालं नाही, म्हणून तिसरंही.

खरी मेख इथेच आहे. जायफळाचा हा अंमल यायला तीन ते आठ तास लागतात. झोपेची गोळी तासाभरात कळते, म्हणून माणूस जायफळालाही तेवढाच वेळ देतो आणि काही झालं नाही म्हणून वर आणखी घेतो. पहिला डोस चढतो तोवर दुसरा पोटात गेलेला असतो.

एका जायफळाचं वजन साधारण पाच ग्रॅम धरा. विषबाधेच्या नोंदी पाच ग्रॅमच्या आसपासपासूनच सुरू होतात. याच्या पोटात तिप्पट. आजीचं माप वेगळं होतं. ओल्या सहाणेवर एक-दोन वेढे, म्हणजे दगडाला जेवढा गंध चिकटेल तेवढंच. बाळगुटीत तर त्याहून कमी. सहाणेवर पंधरा ग्रॅम जायफळ उगाळायला बसाल तर हात दुखून तुम्हीच उठाल; मिक्सरला अर्धं मिनिट पुरतं. नव्या माणसाने जुनं औषध घेतलं, पण ते मोजणारा दगड घेतला नाही. शिवाय जायफळात पाच ते पंधरा टक्के उडनशील तेल असतं, त्यात मायरिस्टिसिन, एलेमिसिन, सॅफ्रोल. थोडं पोटात गेलं तर अंग सैल पडतं. जास्त गेलं की हेच तेल तोंड कोरडं करतं, छातीत धडधड लावतं, भास दाखवतं. "नैसर्गिक आहे, कितीही घ्या" म्हणणाऱ्यांना मी एकदा रात्रपाळीला बसवणार आहे.

गंमत म्हणजे ईसीजीच्या त्या पट्टीचा आणि जायफळाचा जुना संबंध आहे. हृदयात विजेचा संदेश खालपर्यंत पोचवणाऱ्या तंतूंना ज्याचं नाव आहे, त्या चेक शास्त्रज्ञ पुर्किनेने 1829 मध्ये स्वतःवर प्रयोग म्हणून तीन जायफळं खाल्ली आणि काय काय झालं ते लिहून ठेवलं. आमच्या पोराने नकळत तोच आकडा गाठला.

याला उतारा नाही. पोट धुण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. फिजिशियन सरांना फोन लावला. ते आधी हसले, मग नाडी किती ते ऐकून गप्प झाले. सलाइन, मॉनिटर, घबराट शमवायला लोराझेपामचा लहान डोस, आणि शेजारी कोणीतरी सतत बसून, "तू मरत नाहीयेस" हे सांगणं. शेवटचं काम सर्वात लांबलं. दर काही मिनिटांनी तो विचारायचा, आणि दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखा. पहाटे नाडी शंभरीवर आली आणि तो घोरायला लागला. कॉटजवळ बसलेली आई म्हणाली, "आता झोपला जी. एवढ्यासाठी केलं होतं का याने?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो सुस्त होता, डोकं जड, पाणी पीत राहिला.

विषबाधा म्हटली की एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद, करावी लागते, म्हणून सकाळी हवालदार आले. मी सांगितलं, त्यांनी पेन थांबवलं.

"जायफळ? श्रीखंडातलं?"

"तेच."

"जीव द्यायला खाल्लं का?"

"झोपायला."

त्यांनी माझ्याकडे, मग पोराकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. कागद घडी करता करता म्हणाले, "मॅडम, रात्रपाळीनंतर झोप तर मलेही येत नाही. मग आम्ही काय घ्यायचं?"

मी म्हटलं, आधी पहाटेचा चहा बंद करा, घरी जाताना डोळ्यांवर काळा चष्मा लावा, खिडकीला जाड पडदा टाका. तेवढ्याने भागलं नाही तर ओपीडीत या.

"चहा बंद?" ते म्हणाले. "मग ड्युटी कशी होईल जी?"