मावशीची पापणी आणि माझी फजिती
आज मावसबहिणीच्या साखरपुड्यात लायनरची जबाबदारी माझ्यावर होती. बोटं अजून काळी आहेत.

नवरीचे डोळे गोल, टपोरे. रेघ बाहेरच्या कोपऱ्याच्या जराशी पुढे नेली, झालं. खरी परीक्षा मावशीची! तिच्या पापणीवर वरची घडी उतरलेली. डोळे मिटायला लावून झकास जाड रेघ काढली, आणि तिने डोळे उघडले तर रेघ गायब. वर घडीवर काळा ठसा. "अगं, लावलंस की पुसलंस?"

बोळ्याने सगळं पुसलं, पावडरचा हात फिरवला. यावेळी तिला आरशात समोर बघायला सांगितलं. डोळे उघडे असतानाच टोकाचा ठिपका दिला आणि पापणीच्या केसांना चिकटून अगदी बारीक रेघ ओढली. जमलं एकदाचं.

माझे डोळे मुळात बारीक. कॉलेजात असताना वर-खाली गच्च काजळ भरायचे, त्याने ते आणखीच बारीक दिसायचे. (कुणी सांगितलं असतं तर!) आता खालच्या कडेला त्वचेच्या रंगाची पेन्सिल, काळं फक्त वर.

आजीने मात्र मला जवळच येऊ दिलं नाही. काजळाची डबी उघडली, बोट फिरवलं, तयार. आणि फोटोत सगळ्यात छान डोळे तिचेच आलेत 😄