माऊस यादीत दिसत नाही तेव्हा

आज बेळगावच्या टिळकवाडीत तीन लॅपटॉप बघितले, तिन्हींची तक्रार एकच: ब्लूटूथची वस्तू यादीत दिसतच नाही. खानापूर, निपाणीकडच्या मंडळींनाही उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

माऊस नुसता चालू केला म्हणजे पेअरिंग (लॅपटॉपशी जोडणी) सुरू होत नाही. पेअरिंगचं बटण ३ ते ५ सेकंद दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकला पाहिजे. मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, ॲड डिव्हाइस. कीबोर्ड जोडताना स्क्रीनवर आकडे आले तर ते त्याच नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर मारायचा. बरेच जण लॅपटॉपच्या कीबोर्डवर मारतात आणि अडकतात.

हेडफोन सापडत नसेल तर आधी घरातल्या मोबाईलचं ब्लूटूथ बंद करा, हेडफोन बऱ्याचदा तिकडेच जोडलेला असतो. कॉलवर गाण्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला तर माईक लॅपटॉपचा निवडा. हेडफोनचा माईक चालू झाला की आवाजाचा दर्जा उतरतो.

जोडलेला माऊस अडखळतोय? ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शेजारची यूएसबी ३.० हार्ड डिस्क त्याच पट्ट्यात अडथळा आणते. डेस्कटॉपच्या मागचा ब्लूटूथ डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) एक्स्टेन्शन वायरीने टेबलावर आणा. हा उपाय मला सगळ्यात खात्रीचा वाटतो.

खरेदीआधी खोक्यावर ब्लूटूथची खूण बघाच. फक्त छोट्या यूएसबी रिसीव्हरवर चालणारा वायरलेस माऊस या यादीत कधीच येणार नाही.