जंजाळ्याच्या वाटेवर कुणाची बाटली

वेताळवाडीचा किल्ला सकाळी झाला. हळदा घाट, फोटो, घाम, एवढंच. पण तिथल्या एका दरवाजाला जंजाळा दरवाजा म्हणतात, ते डोक्यात बसलं. पुढच्या किल्ल्याच्या नावाचा दरवाजा आहे म्हणजे कधीकाळी इथून तिकडे रोजचा राबता असणार! आम्ही मात्र गाडीनं वळसा घालून जंजाळा गावात पोचलो.

तिथून घटोत्कच लेणीकडे उतरताना दोनदा चुकलो. एक वाट बोरीच्या जाळीत संपली, दुसरी थेट कड्यावर. मी वैतागून बडबडत होतो: सोयगाव ते अजिंठा या सगळ्या पायवाटा जोडा, दगडांवर बाण रंगवा, गावांना रोजगार मिळेल वगैरे.

शेळ्या राखणारे एक काका निवांत ऐकत होते. म्हणाले, "रंगवा की. पण मग तुम्ही मला कशाला हाक मारताल?"

ह्याला उत्तर नव्हतं. मुकाट्यानं त्यांच्या मागं निघालो. काठीनं फांदी बाजूला सारायची, आम्ही जाईपर्यंत धरून ठेवायची, मग सोडायची. रंगवलेला बाण हे करत नाही.

लेणी मोठी आहे, अंधारी, वटवाघळांच्या वासाची. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव, त्याचा लेख इथंही आहे आणि अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेणीतही. दाता एकच, पण तिकडे तिकीट, बस, हॉटेलं, आणि इकडे आम्ही तिघं नि बाहेर शेळ्या.

परतताना काकांनी घरी नेलं. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. काकूंना पैसे देऊ केले तर त्यांनी हात मागे घेतले. पोराच्या खिशात कोंबले तेव्हा कुठं राहिले. असं कोंबणं मला अजिबात आवडत नाही. जेवणाचा नि वाट दाखवण्याचा दर गावानंच ठरवून पाटीवर लिहावा, म्हणजे दोघांचाही संकोच मिटेल. हे बोललो तर पोरगा हसला.

"मागच्या रविवारी बारा जण आलते. डबे त्यांचेच, वाट मोबाइलात. पाणी तेवढं आमचं नेलं."

मी सॅक हळूच पायामागं सरकवली. तिच्यातल्या तिन्ही बाटल्या आम्ही त्यांच्याच हापशावर भरल्या होत्या.