सीएनजी किट बसायला एक दिवस, एनओसीला अख्खा पावसाळा

पहिली नोकरी, सेकंडहँड वॅगनआर आणि रोज चिंचवड ते खराडी. पुण्यातल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. सिटीत माझी गाडी पेट्रोलवर १५-१६ च्या वर कधी गेली नाही, पेट्रोल १०४ धरा, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये नुसते जळतात. सीएनजी नव्वदीच्या घरात आणि किलोला २२ च्या आसपास पडतो, म्हणजे चार-सव्वाचार. किटचं कोटेशन ५५ हजार. महिन्याला बाराशे-तेराशे किलोमीटर होतात माझे, दीड वर्षात पैसे वसूल. हिशोब इतका सोपा होता म्हणूनच पुढे डोकं फिरलं.

गाडी बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) आहे, पण २०२२ पासून बीएस-६ ला पण बाहेरून किट बसवता येतं, तो प्रश्न नव्हता. प्रश्न लोनचा. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव असेल, ज्याला एजंट लोक एचपी म्हणतात (हायपोथिकेशन, म्हणजे गाडी कर्जापोटी तारण), तर फ्युएल बदलाची नोंद करायला आरटीओ त्यांची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मागतं. फिटरकाका पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधी कागद आण, मग सिलिंडरला हात लावू." मला वाटलं एक कागद, त्यात काय.

ब्रँचला गेलो. काउंटरवरची मॅडम एनओसी शब्द ऐकल्या ऐकल्या म्हणाल्या, "लोन बंद करायचंय का सर?" नाही म्हटलं, सीएनजी लावायचाय. त्यांनी फोरक्लोजरची रक्कम प्रिंट करून हातात दिली. परत समजावलं. मग आतून एक साहेब आले, ते म्हणाले ही ब्रँच फक्त हप्ते घेते, कस्टमर केअरला फोन करा. कस्टमर केअरने तिकीट नंबर दिला आणि दोन दिवसांनी मेसेज, तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कसलं निवारण? परत फोन, परत नवीन तिकीट, परत निवारण. शेवटी एकाने खरं काय ते सांगितलं, की एनओसीसाठी सीएनजीची नोंद असलेली आरसी अपलोड करा. अहो, ती नोंद करायलाच तर एनओसी पाहिजे! हे मी त्याला तीन वेगवेगळ्या पद्धतीने सांगितलं, तो म्हणाला, "सर, सिस्टीम मागतेय."

काम झालं ते ईमेलने. फिटरकाकांनीच मजकूर सांगितला, आणि तुम्हाला लागला तर घ्या: नुसतं एनओसी लिहू नका, "पेट्रोलवरून पेट्रोल प्लस सीएनजी अल्टरेशनसाठी ना-हरकत, हायपोथिकेशन आहे तसंच राहील" असं लिहा, सोबत किटचं कोटेशन आणि आत्ताची आरसी जोडा, आणि मेल कस्टमर केअरला न पाठवता वेबसाइटवर तळाला बारीक अक्षरात तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो तिथे पाठवा. शेवटची ओळ, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाईन. एनबीएफसीची, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपनीची, तक्रार तिथे ऑनलाइन करता येते, फी नाही. ही ओळ वाचल्यावर एकदम सगळ्यांना मराठी कळायला लागलं.

पत्र आलं. लेटरहेड, शिक्का, सही, सगळं झकास. काकांनी चष्मा वर करून चॅसिस नंबर आरसीशी बोटाने एकेक अक्षर जुळवला आणि म्हणाले, "हे बघ, आठच्या जागी बी आहे." म्हणजे परत मेल. दुरुस्त पत्र गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आलं, अर्ज केला तेव्हा जून होता.

त्यानंतरचं सगळं पटापट. किट एका दिवसात बसलं, आरटीओत गाडी दाखवली, नोंद झाली. लोन असेल तर कोटेशनच्या दिवशीच एनओसीचा मेल टाका, ॲडव्हान्स नंतर द्या. मी ॲडव्हान्स अडकवला नव्हता, याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मधले महिने पेट्रोलवरच काढले. तेव्हा कळलं की टायरची हवा दर आठवड्याला, तीही टायर थंड असताना चेक केली आणि लांबचा सिग्नल लाल दिसल्यावर रेस सोडून गाडी तशीच जाऊ दिली, तर मायलेजमध्ये एक-दीडचा फरक पडतो. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ती पण सोडा. १०० रुपयांऐवजी ११० चं टाका, पहाटे भरा म्हणजे जास्त मिळतं, असलं काही खरं नाही, टाकी जमिनीखाली असते, पेट्रोलला पहाट कळत नाही.

इन्शुरन्सवाल्यांना किट लगेच कळवा, प्रीमियम थोडा वाढतो पण न कळवता ठोकली तर क्लेमला फाटे फुटतात. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका, आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, मी पाव टाकी ठेवतोच. डिकी गेली म्हणून समजा, गावाला जाताना आईच्या पिशव्या मागच्या सीटवर येतात आणि त्यावर भाषण ऐकावं लागतं. १२ किलोचं सिलिंडर म्हणतात पण आत आठ-नऊच जातो, पंपावर भांडू नका. रात्री दहानंतर गेलात तर लाइन कमी असते.

आणि हो, सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, लागते. तारीख प्लेटवर असते, तिचा फोटो आत्ताच काढून ठेवा, पंपावरचा पोरगा ती प्लेट बघितल्याशिवाय नोझल लावत नाही.