कागदांची घाई करा, मुलांची नको

रविवार, नोव्हेंबर

पुण्या-मुंबईहून म्युनिक, श्टुटगार्ट, बर्लिनला मुलाबाळांसह येणाऱ्यांचे प्रश्न तेच ते असतात. म्हणून जर्मनीतल्या पहिल्या काही महिन्यांबद्दल एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. मला कळकळीने सांगायचंय ते एवढंच की कागदांची घाई करा, मुलांची करू नका. बऱ्याच घरांत नेमकं उलटं होतं. अर्ज 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणून पडून राहतात आणि तीन वर्षांच्या मुलाकडून मात्र आठ दिवसांत रुळण्याची अपेक्षा असते.

कागदांची साखळी आनमेल्डुंगपासून सुरू होते. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घरमालकाने सही करून दिलेलं पत्र लागतं. महिन्या-दोन महिन्यांसाठी भाड्याने मिळणाऱ्या सजवलेल्या घरांचे मालक अनेकदा हे पत्र देत नाहीत. त्यामुळे भाडं ठरवण्याआधीच विचारा, "या पत्त्यावर नोंदणी करता येईल का?" नोंदणी झाली की अकरा आकडी करक्रमांक पोस्टाने घरी येतो. तो कंपनीकडे पोचला नाही, तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. नोंदणीला जाताना लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले सोबत असू द्या. लग्नाची नोंद राहिली तर करासाठी तुम्ही अविवाहित धरले जाता.

पत्रपेटीवरच्या नावाकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर करक्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं परत जातं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. किल्ली हातात आली त्याच दिवशी, निदान कागदाची पट्टी तरी चिकटवा.

नावांचा आणखी एक घोळ खास आपला. पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव जोडलेलं असेल, तर इथे ती दोन्ही मुलाचीच नावं धरतात. त्याला काही हरकत नाही, फक्त प्रत्येक अर्जावर पासपोर्टप्रमाणेच, जसंच्या तसं लिहा. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर दोन्ही जोडणारा लग्नाचा दाखला जवळ हवाच. अपोस्टिलचे, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरावा म्हणून त्यावर घ्यायच्या सरकारी शिक्क्याचे, पैसे मात्र विचार करून खर्च करा. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली. त्यामुळे भारतीय अपोस्टिल इथल्या कार्यालयावर बंधनकारक नाही. कार्यालयाला नेमकं काय हवंय ते आधी विचारा, मगच एजंट गाठा.

किंडरगेल्ड, म्हणजे मुलासाठी मिळणारा सरकारी भत्ता, २०२५ मध्ये दर मुलामागे महिना २५५ युरो होता, २०२६ पासून २५९ आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, आलेल्यांनाही तो मिळतो. पण मागची बाकी जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच देतात, म्हणून करक्रमांक आला की लगेच अर्ज करा. सरकारी क्रांकनकासेत, म्हणजे आरोग्य विमा संस्थेत, विमा असेल तर मुलं आणि न कमावणारा जोडीदार जादा हप्त्याशिवाय त्यात येतात, मात्र तो फॉर्म आपणहून भरावा लागतो.

मुलांचा डॉक्टर मूल आजारी पडायच्या आधी शोधायचा. मोठ्या शहरांत कितीतरी दवाखाने नवे पेशंट घेत नाहीत. फोनवर नकार मिळाला तर सकाळी प्रत्यक्ष जाऊन विचारलेलं बरं. पहिल्या भेटीत लसींचं कार्ड तपासतात आणि तिथेच आपली अडचण होते. हाताने लिहिलेल्या नोंदी, पुसट शिक्के, कुठे फक्त महिना आणि वर्ष. निघण्यापूर्वी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून लसीचं पूर्ण नाव, तारीख, सही आणि शिक्का असा स्वच्छ इंग्रजी तक्ता करून घ्या. १ मार्च २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, गोवराच्या लसीचा पुरावा लागतो: वर्षाच्या मुलाला एक डोस, दोन वर्षांपासून पुढे दोन. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ताप चढला तर ११६११७ला फोन करा, जिवावरचा प्रसंग असेल तर ११२ला.

घरातली बुरशी हा इथला खरा त्रासदायक विषय, आणि त्यात आपल्या स्वयंपाकाचा हात मोठा. कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, चार जणांच्या गरम पाण्याच्या आंघोळी, घरातच वाळत घातलेले कपडे. ही सगळी वाफ जाऊन बसते थंड बाहेरच्या भिंतीवर, बहुधा कपाटाच्या मागे, आणि दिसते तेव्हा काळे ठिपके पसरलेले असतात. खिडकी दिवसभर वरून तिरकी उघडी ठेवणं हा उपाय नाही. त्याने हवा फारशी बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत तेवढी गार पडते आणि पाणी तिथेच साठतं. हिवाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, हीटर बंद करून. दहा-पंधरा युरोचं आर्द्रता मोजायचं यंत्र घ्या आणि काटा ४० ते ६० टक्क्यांत ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं तरी लांब असू द्या. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असते, आणि बुरशीवरून तिच्यासाठी पुष्कळ वाद होतात.

स्वयंपाकघराची घाई करू नका. कित्येक घरं ओटा आणि सिंकशिवायच मिळतात. जुना भाडेकरू आपलं किचन विकत असेल तर तेच घेतलेलं परवडतं. भारतातला मिक्सर इथे चालतो, कारण वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे; फक्त प्लग बदलावा लागतो. अॅल्युमिनियमचा साधा कुकर मात्र इंडक्शनवर तापत नाही.

आता मुलांकडे. वर्ष पूर्ण झाल्यावर किटाच्या जागेवर मुलाचा कायद्याने हक्क आहे, तरी जागा मिळायला महिने लागतात. म्हणून अर्जाची घाई करा: म्युनिकमध्ये किटा फाइंडर या संकेतस्थळावर, बर्लिनमध्ये युगेंडआम्टकडून (बालकल्याण कार्यालयाकडून) गुटशाइन, म्हणजे किटाच्या जागेचं मंजुरीपत्र, घेऊन. पण एकदा जागा मिळाली की घड्याळ बाजूला ठेवा. बऱ्याच किटांत सवय लावण्याची बर्लिन पद्धत पाळतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर वर्गातच बसतात, मुलाला सोडून जात नाहीत. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर, जास्तीत जास्त अर्धा तास. चौथा दिवस सोमवार असेल तर तेही मंगळवारवर ढकलतात, कारण दोन दिवसांच्या सुट्टीनंतर मूल पुन्हा बिचकतं. मूल बाईंकडून शांत होत नसेल तर पुढचे काही दिवस पुन्हा सोबत बसायचं. यात दोन ते चार आठवडे सहज जातात. नोकरीवर रुजू व्हायची तारीख याच्या आत ठरवू नका. आणि लक्ष नसताना गुपचूप निघून जाऊ नका. दाराशी रडू आलं तरी चालेल, पण 'आई न सांगता जाते' ही धास्ती बसली की पुढचे कित्येक दिवस ते मूल तुमच्यावरून नजर हटवत नाही.

किटात पावसातही मुलांना बाहेर नेतात. त्यासाठी रबरी पँट, गमबूट, आत घालायचे बूट आणि कपड्यांचा एक जादा जोड, सगळ्यावर नाव घालून द्यायचं. जाड जाकीट घालून गाडीच्या सीटमध्ये बसवू नका, पट्टा सैल राहतो.

मूल किटात काही आठवडे, कधी काही महिने बोलतच नाही. नवी भाषा कानावर पडत असताना हे होतं. त्यावर घरी मोडकंतोडकं जर्मन सुरू करणं हा मार्ग नव्हे. घरात भरपूर मराठीच बोला, गोष्टी सांगा, जर्मन किटात येईल. बाईंना मात्र पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी द्या: पाणी, शू, शी, भूक, नको, दुखतंय, झोप, आई, बाबा. प्रत्येक शब्द जर्मन माणसाला वाचता येईल अशा अक्षरांत आणि समोर अर्थ. मूल एखाद्या गोष्टीला स्वतःचाच काही शब्द वापरत असेल, पांघरुणाला 'गोडू' वगैरे, तर तोही लिहा. चिठ्ठीच्या दोन प्रती करा, एक बाईंकडे आणि एक मुलाच्या खुंटीजवळ, कारण दुपारी बाई बदलतात.